तांब्याची पट्टी आणि ३.८ टक्के

कोणत्याही यंत्राची कार्यक्षमता ते यंत्र माणसाच्या हाती पडण्यापूर्वीच मोजून घ्यावी. नंतर मोजली जाते ती माणसाची. हा नियम एकाही पाठ्यपुस्तकात नाही आणि म्हणूनच तो शिवानीला ठाऊक नव्हता. पाठ्यपुस्तकातले सगळे नियम तिला ठाऊक होते.

शिवानी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अ‍ॅम्प्लिफायर व पुरवठा विभागात काम करत असे. (विभागात एकूण अडीच माणसे. अर्धे माणूस दुपारनंतर खरेदी विभागात बसे.) मोबाइलमध्ये नखाएवढा एक अ‍ॅम्प्लिफायर असतो. आपले बोलणे टॉवरपर्यंत ढकलत नेण्याचे काम त्याचे. टॉवर जवळ असेल तर तो हळू बोलतो. लांब असेल, किंवा मध्ये काही आडवे आले, तर ओरडतो. ओरडायला लागणारी वीज बॅटरीतून काढून त्याला देणारे सर्किट म्हणजे पुरवठा. जुन्या पद्धतीत हा पुरवठा फार सढळ हाताचा होता. अ‍ॅम्प्लिफायर कुजबुजो की बोंबलो, व्होल्ट सारखेच. उरलेली वीज तापून आपल्या गालाला लागे, आणि आपण म्हणत असू की फोन गरम झाला.

शिवानीच्या सर्किटमध्ये पुरवठा सतत संदेशाकडे डोळे लावून बसे आणि लागेल तेवढेच देई. उतू जायच्या बेताला आलेल्या दुधापाशी हात गॅसच्या बटणावर ठेवून उभी राहिलेली बाई असते तसा, फक्त सेकंदाला काही लाख वेळा. कल्पना जगात जुनीच आहे. शिवानीचे श्रेय इतकेच, की तिने ती एकतीस रुपयांत बसवली. त्याला अकरा महिने लागले. बचत झाली ३.८ टक्के.

हा आकडा तिने डोंबिवलीला घरी जाहीर केला तेव्हा आई, म्हणजे सरोजताई, पोळ्या लाटत होत्या. त्यांनी शंभरपैकी का, एवढेच विचारले आणि पुढची पोळी तव्यावर टाकली. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मात्र डायरीत टिपून ठेवले. अण्णा एकतीस वर्षे एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्ह उघडण्याच्या आणि बंद करण्याच्या कामावर होते. पुरवठा हा शब्द ते आदराने ऐकत.

कंपनीचा नियम असा होता की कोणतेही नवे सर्किट आधी चाळीस सामान्य माणसांच्या हाती द्यायचे. चाळिसांपैकी छत्तीस फोन आठवडाभर नीट चालले, तर सर्किट पास. नाही तर जुनाच सढळ हात चालू. चाचणीसाठी डोंबिवली पूर्व निवडली गेली, कारण तिथल्या इमारती एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की शेजारच्या बिल्डिंगमधला कुकर आपल्या शिट्ट्यांत मोजला जातो, आणि अशा जागी रेंज मिळवणे हे कोणत्याही अ‍ॅम्प्लिफायरच्या कर्तृत्वाची कसोटी असते. शिवाय शिवानी तिथेच राहत असल्याने प्रवासभत्ता वाचणार होता.

चाळीस माणसे मिळवण्यासाठी शिवानीने सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक व्याख्यान दिले. विषय : मोबाइल आतून. इथपर्यंत सर्व काही शास्त्रशुद्ध होते, आणि घोटाळा झाला तो यापुढे शास्त्रशुद्धपणा न सोडल्यामुळे.

सामान्य वक्ता म्हणाला असता, फोनमधून लहरी निघतात, काळजी नसावी, चहा घ्या. शिवानीने फोनचा उभा छेद पडद्यावर दाखवला. अ‍ॅम्प्लिफायर जास्तीत जास्त साधारण पाव वॅट बाहेर टाकतो, हे सांगितले. तो कुठून टाकतो, हेही सांगितले : या मॉडेलमध्ये अँटेना खालच्या कडेला, कडेपासून पाच मिलिमीटर आत. तिथे तिने लाल बाण काढला होता. श्रोत्यांनी बाणाचे फोटो काढून घेतले. इतके एकाग्र श्रोते आपल्याला मिळाले याचा तिला अभिमान वाटला.

व्याख्यान रविवारी झाले आणि नवे सर्किट बसवलेले चाळीस फोन त्याच दिवशी वाटले गेले. मंगळवारपर्यंत स्टेशनबाहेर मोबाइलची कव्हरे विकणाऱ्या तानाजीकडच्या तांब्याच्या पट्ट्या संपल्या. ही पट्टी बोटाच्या पेराएवढी असते, मागे चिकटवण्याची सोय असते, आणि ती लहरी अडवते असे तिच्या पाकिटावर लिहिलेले असते. वर्षभर या पट्ट्या तानाजीकडे धूळ खात पडल्या होत्या, कारण लावायची कुठे हे पाकिटावर लिहिलेले नव्हते. ती उणीव शिवानीने भरून काढली. चाळीसच्या चाळीस फोनांवर पट्टी चढली, खालच्या कडेपासून बरोबर पाच मिलिमीटर आत. काहींनी पट्टी लावताना नातवंडांची फूटपट्टी वापरली. सामान्य माणसाला अचूकता जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर अभ्यासावे. (नवव्या दिवशी पट्टी मोहन्याला आणि अकराव्या दिवशी टेंभी नाक्याला पोचली. प्रकाशाचा वेग याहून जास्त आहे, पण प्रकाशाला प्रत्येक नातेवाइकाकडे थांबून चहा घ्यावा लागत नाही.)

पहिल्या आठवड्याचा निकाल असा : चाळीस फोनांपैकी तेहतीस फोन बॅटरी चौदा ते एकोणीस टक्के शिल्लक असताना आपोआप बंद पडले. कारण उघड होते, फक्त ते अजून कोणाला माहीत नव्हते. तोंडावर तांब्याचा हात दाबून धरल्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर दिवसभर जिवाच्या आकांताने ओरडत होता. इतका जोर एकदम ओढला की बॅटरीचा दाब खाली येतो, आणि फोनला वाटते की आपण संपलो.

देवयानी मॅडम विभागाच्या प्रमुख होत्या. त्या रागावत नसत, तारीख देत असत.

“लॅबमध्ये चालतं, डोंबिवलीत चालत नाही,” त्या म्हणाल्या. “शिवानी, आपलं गिऱ्हाईक लॅबमध्ये राहत नाही ना. दहा दिवसांत फेरचाचणी सुरू झाली पाहिजे. नाहीतर जुनं सर्किट फायनल करते मी.”

अकरा महिने आणि दहा दिवस, यांतले आता दहा दिवसच शिल्लक होते.

शिवानीने पद्धतशीर सुरुवात केली. तिने चाळीस जणांना एक प्रश्नावली दिली. सातवा प्रश्न होता : फोनच्या कव्हरमागे काही ठेवता का? छत्तीस जणांनी ‘काही नाही’ असे लिहिले. प्रत्यक्ष कव्हरे उघडल्यावर या छत्तीस जणांकडे सरासरी २.३ वस्तू निघाल्या. सविस्तर यादी अहवालात आहे. घडी घातलेली दहाची नोट सर्वाधिक, त्याखालोखाल महाराजांचा फोटो, मग बसचा ज्येष्ठ नागरिक पास, रक्तदाबाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, इस्त्रीवाल्याची चिठ्ठी, आणि एका गृहस्थांकडे त्यांच्याच दुसऱ्या फोनचे सिम. तांब्याची पट्टी या सरासरीत धरलेली नाही. ती चाळीसही जणांकडे होती आणि एकानेही सांगितली नव्हती. यात लपवाछपवी नव्हती. ‘काही’ म्हणजे वस्तू. पट्टी ही वस्तू नव्हे, ती काळजी होती.

पहिले कव्हर तिने अण्णांचेच उघडले होते. अण्णांनी पट्टी अगदी समांतर लावली होती.

“अण्णा, ही काढायला लागेल.”

“का गं?”

तिने समजावून सांगितले. पट्टीमुळे अँटेनाचे म्हणणे बाहेर पडत नाही, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर जास्त जोर लावतो. म्हणजे ज्याच्या भीतीने पट्टी लावली तेच पट्टीमुळे वाढते. अण्णांनी डोळे मिटून ऐकले. पूर्वी ते पाइपाला कान लावून गळती ऐकत तसे.

“म्हणजे पट्टी अडवते.”

“अडवते ना.”

“मग काम करतेय की.”

शिवानीने पाण्याचे उदाहरण घेतले. अण्णांशी पाण्याच्या उदाहरणाने बोलणे हे माशाला पोहणे समजावण्यासारखे आहे, हे तिच्या उशिरा लक्षात आले. अण्णांनी तिचे सर्किट दोन मिनिटांत समजून घेतले आणि त्यातले वैगुण्य तिसऱ्या मिनिटाला दाखवले. लाइनीच्या शेवटच्या घराला प्रेशर मिळत नसेल तर वरून जास्त सोडायचे असते. तू उलट व्हॉल्व्ह आवळून बसली आहेस आणि दोष शेवटच्या घराच्या नळाला देतेस. हे बरोबर होते. शिवानीने ते वहीत लिहून घेतले आणि पुन्हा मूळ मुद्द्यावर आली.

“बरं, एवढंच सांग,” अण्णा म्हणाले. “पट्टी काढली तर अपाय नाही ना? हो की नाही?”

हो की नाही हा विषय शिवानीला एकाही वर्षी अभ्यासक्रमात नव्हता.

“ठरवून दिलेल्या मर्यादेत, आजवरच्या अभ्यासांतून अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही.”

“म्हणजे तुला नक्की माहीत नाही.”

“शंभर टक्के कोणालाच...”

“तानाजीला माहीत आहे,” अण्णा शांतपणे म्हणाले आणि कव्हर परत बसवले.

याच पद्धतीने शिवानीने चार दिवसांत एकोणीस घरी जाऊन पुरावे मांडले. एकोणीस ठिकाणी चहा झाला, सात ठिकाणी तिच्या लग्नाचे काय चालले आहे याची चौकशी झाली, पट्टी एकाही ठिकाणी निघाली नाही. उलट दोन घरांत दुसरी पट्टी चढली, कारण एवढी शिकलेली मुलगी घरी येऊन सांगते म्हणजे प्रकरण गंभीर असणार.

पाचव्या दिवशी ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. सरोजताई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“काढा म्हटल्यावर कोण काढतं? जागा चुकलीय म्हण. लगेच हलवतील.”

“आई, जागेचा प्रश्न नाहीये. पट्टीचा उपयोगच नाही.”

“दारावरची नाल बघितलीस ना? तुझ्या अण्णांनी चारदा फिरवलीय. कोणी म्हणालं तोंड खाली, की खाली. कोणी म्हणालं वर, की वर. काढली का कधी?”

शिवानीने मोजून पाहिले. पट्टी खालच्या कडेवरून उचलून फोनच्या बरोबर मध्ये, बॅटरीच्या पाठीवर लावली की अँटेना मोकळी होत होती, अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज खाली येत होता, आणि पट्टी काढून टाकली काय नि मध्ये लावली काय, फरक मोजता येत नव्हता. प्रश्न फक्त सांगायचे कसे हा होता. खोटे बोलणे तिला जमणारे नव्हते. म्हणून तिने दुसरे व्याख्यान जाहीर केले आणि त्यात फक्त सत्य वाक्ये बोलायचे ठरवले. एकूण तीन वाक्ये निघाली. एक : पट्टी खालच्या कडेला लावल्यास तिचा उपयोग होत नाही. दोन : पट्टी बरोबर मध्यभागी लावल्यास फोनला त्रास होत नाही. तीन : खालची पट्टी मध्यभागी आणल्यावर बॅटरी जास्त टिकते, हे आम्ही मोजून पाहिले आहे. प्रत्येक वाक्य तिने तीनदा तपासले. एकातही चूक नव्हती.

सभेत मागच्या खुर्चीवरून एका बाईंनी विचारले, की मध्यभागी लावल्यावर मग पट्टीचा उपयोग होतो ना? शिवानीने तोंड उघडले. पण तिच्या आधी अण्णाच उभे राहिले.

“अहो, उगाच सांगेल का ती? पोटची पोर आहे माझी.”

बाईंचे समाधान झाले. शिवानीने तोंड मिटले. गप्प बसणे हे विधान नसल्यामुळे ते खरे की खोटे हे तपासता येत नाही.

त्याच संध्याकाळी चाळीस पट्ट्या हलल्या. पुढच्या आठवड्यात एकोणचाळीस फोन रात्री झोपेपर्यंत चालले. (चाळिसावा फोन तानाजीचा; संघात एकोणचाळीसच जण मिळाल्याने तो त्याला दिला होता. त्याने नमुना म्हणून मागची बाजू पूर्ण मढवून टाकली होती.) सर्किट पास झाले. शिवानीने देवयानी मॅडमना अहवाल दिला. त्यात ३.८ हा आकडा सत्तावीस वेळा आला होता. विभागातल्या अडीचही माणसांनी पेढे खाल्ले.

आता फक्त एक औपचारिकता उरली होती. चाचणीत भाग घेतलेल्यांचा अभिप्राय. त्यात एकच प्रश्न होता : या फोनची बॅटरी जास्त टिकते, याचे तुमच्या मते कारण काय? एकोणचाळीस जणांनी ‘पट्टी’ असे लिहिले. चाळिसाव्याने, म्हणजे तानाजीने, ‘आमच्या येथील पट्टी’ असे लिहिले.

व्यवस्थापनाची बैठक अकरा मिनिटे चालली. तिचे इतिवृत्त उपलब्ध असून त्यातल्या तर्कात खोट काढता येत नाही. गिऱ्हाइकाला बॅटरी टिकल्याचे समाधान हवे आहे. समाधान पट्टीने मिळते, असे शंभर टक्के गिऱ्हाइकांनी लेखी दिले आहे. सर्किटने मिळते असे कोणीही म्हटलेले नाही. सर्किटला एकतीस रुपये लागतात, पट्टीला चार. सबब सर्किट काढून टाकावे, पुरवठा जुन्या पद्धतीने सढळ ठेवावा, आणि प्रत्येक फोनबरोबर डब्यात एक पट्टी द्यावी.

“मॅडम, पट्टी काहीच करत नाही,” शिवानी म्हणाली.

देवयानी मॅडमनी डब्याचा नमुना पुढे सरकवला. मागच्या बाजूला, ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ या मथळ्याखाली, शिवानीची तीन वाक्ये छापली होती. सभेचे रेकॉर्डिंग संघाच्या चिटणिसांनी कौतुकाने कंपनीला पाठवले होते.

“यातलं कुठलं खोटं आहे सांग. मी काढून टाकते.”

शिवानीने तिन्ही वाक्ये पुन्हा वाचली. ती तिने आधीच तीनदा तपासली होती.

“एकही नाही.”

“मग सही कर. इथे, आणि इथे.”

तिने दोन्हीकडे सही केली. पहिल्या तारखेपासून तिला बढती मिळाली. तिच्या टेबलावर आता ‘प्रमुख, पट्टी’ अशी पाटी आहे आणि विभागात साडेचार माणसे आहेत. सर्किट काढल्याने फोन एकेचाळीस मिनिटे आधी संपतो. ते कोणाच्या लक्षात आलेले नाही. ज्यांच्या लक्षात येते ते नवी पट्टी घेतात.

बढतीच्या दिवशी ती घरी आली, चप्पल काढली आणि सोफ्यावर बसली. सरोजताईंनी बढतीचे काय झाले ते विचारले आणि उत्तर ऐकून देवापुढे साखर ठेवली. अण्णांनी आपला फोन उचलला, कव्हर काढले, आणि पट्टी नखाने सोलून टीपॉयवर ठेवली. फोनच्या पाठीवर डिंकाचा चौकोन उरला.

“घे. काढली.”

“अण्णा, आता मधेच होती ना? मधे असली तर काही होत नाही.”

“तेच. काही होत नाही, असं तू पहिल्या दिवसापासून म्हणत होतीस. मी ऐकलं नाही.” त्यांनी बोटांवरचा डिंक चोळून काढला. “माझ्या एकतीस वर्षांत लोकांनी पाण्याला कधी नावाजलं नाही. आलं की देवाची कृपा, नाही आलं की मी. तुझं सर्किट चांगलं होतं गं. जरा वरून जास्त सोडायला हवं होतंस, एवढंच.”

अकरा महिन्यांत तिच्या सर्किटला मिळालेली ही एकमेव लेखी अथवा तोंडी शाबासकी. शिवानीच्या डोळ्यांत पाणी आले. (किती, ते मोजलेले नाही.)

“आता तुझं दाखव,” अण्णा म्हणाले.

“माझं काय?”

“कव्हर.”

शिवानीने फोन मांडीखाली घेतला. पण अण्णा गळती शोधण्यात मुरलेले होते. त्यांनी हात पुढे केला आणि तो मागे घेतला नाही. शेवटी तिने कव्हर काढून दिले. खालच्या कडेशी, पाच मिलिमीटरवर, अंगाऱ्याची एक पुडी होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी सरोजताईंनी ती दिली होती, आणि अंगारा सांडू नये म्हणून पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी फॉइलमध्ये नीट बांधली होती. अ‍ॅम्प्लिफायरच्या दृष्टीने फॉइल आणि तांबे हे सख्खे भाऊ.

“तुला माहीत होतं?”

माहीत होते. सर्किटच्या कामाला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिने पुडीमुळे होणारा तोटा मोजला होता. वहीच्या पहिल्या पानावर तो ‘ज्ञात व स्थिर त्रुटी’ या नावाने नोंदवला होता, आणि त्यानंतर अकरा महिने, तुलनेसाठी आपलाच फोन वापरून घेतलेल्या प्रत्येक मोजमापातून तो इमानेइतबारे वजा केला होता. ३.८ हा आकडा ही वजाबाकी केल्यानंतरचा आहे.

“मग काढ की,” अण्णा म्हणाले.

शिवानीने स्वयंपाकघराकडे पाहिले. मग पुडी होती तिथेच ठेवून कव्हर परत बसवले.

“माझं वेगळं आहे, अण्णा. माझं मोजलेलं आहे.”

अण्णांनी मान डोलावली, डायरी उघडली आणि ते काहीतरी लिहू लागले.

प्रस्तुत अहवाल इथे संपतो. तो पूर्ण व्हावा म्हणून वाचकांनाही सातवा प्रश्न विचारणे भाग आहे : आपल्या फोनच्या कव्हरमागे काही ठेवता का? ज्यांचे उत्तर ‘काही नाही’ असे आहे त्यांनी कव्हर उघडून पाहण्याची तसदी घेऊ नये. त्यांच्या नावापुढे २.३ हा आकडा आम्ही आधीच लिहून ठेवला आहे.